भाकरीतला त्यांचा वाटा

आज जेवायला बसाल तेव्हा ताटाकडे जरा नीट बघा. ज्वारीची भाकरी असेल, वरण असेल, मेथीची नाहीतर वांग्याची भाजी, कांदा, आणि नशीब जोरावर असेल तर वाटीभर ताक. हे ताट आपलं एकट्याचं, असं वाटतं ना तुम्हाला? तसं मुळीच नाही. त्यातला चांगला मोठा वाटा दुसऱ्याच कुणाचा तरी आहे, आणि तो तुम्ही तुमच्याच हातानं, तुमच्याच तोंडातून, रोज त्यांच्या घरी पोचता करता.

त्यांचं घर कुठं? तुमच्या पोटात. आणि ते कोण? जंतू!

झालं, मुरडलीत ना नाकं? तुमचा दोष नाही. शाळेत जंतूंची पहिली ओळख होते ती पटकी, विषमज्वर, क्षय असल्या धड्यांत. त्यामुळं जंतू म्हटलं की डोळ्यांसमोर दरोडेखोरच उभे राहतात. पण गावात चार दरोडेखोर असले म्हणून सगळं गाव काही दरोडेखोरांचं होत नाही. आपल्या पोटातले बहुतेक जंतू कुणाच्या अध्यात ना मध्यात, असे आहेत. आमच्या नांदेडकडे भाडेकरूला किरायेदार म्हणतात. हे आपले किरायेदारच म्हणा ना! आणि त्यांतले बरेचसे किराया अगदी वेळेवर देतात. रोख नाही, कामाच्या रूपानं. कसा, ते सांगतो.

आधी त्यांची शिरगणती. २०१६ साली इस्राएल आणि कॅनडातल्या तीन शास्त्रज्ञांनी याचा नव्यानं हिशोब मांडला. सत्तर किलो वजनाच्या मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जंतू, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे जवळजवळ बरोबरी! त्याआधी कितीतरी वर्षं पुस्तकांतून छापून येत होतं, की जंतू आपल्या पेशींच्या दहापट असतात. तो आकडा निव्वळ अंदाजाचा होता आणि एकानं लिहिला म्हणून दुसऱ्यानं लिहिला, असा चालत आला. तुमच्या हाती जुनं पुस्तक पडलं तर पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवा. एवढ्या सगळ्या जंतूंचं मिळून वजन किती? साधारण २०० ग्रॅम. पाव किलोसुद्धा नाही.

हे पहिल्यांदा पाहिले कुणी, तर हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक नावाच्या कापड व्यापाऱ्यानं. कापडाचे धागे तपासायला व्यापारी भिंग वापरत. या गृहस्थाला भिंगांचा असा नाद लागला, की तो दिसेल ते भिंगाखाली धरू लागला. पावसाचं पाणी झालं, दातांवरची घाण झाली. १६८१ साली त्याला जुलाब झाले. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? पांघरूण घेऊन पडलो असतो. त्यानं काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. होय, तेच! आणि त्यात त्याला वळवळणारे बारीक जीव दिसले. किळस बाजूला ठेवता येणं हा शास्त्रज्ञाचा मोठा गुण आहे, असं माझं मत आहे.

आता आपल्या भाकरीच्या मागोमाग जाऊ. तोंडात लाळ मिसळते, जठरात तीव्र आम्लात घुसळण होते. तिथं आम्ल इतकं जबर, की जंतूंना फारसा थारा नाही. पुढं लहान आतडं, मोठ्या माणसाचं सुमारे सहा मीटर लांब. इथं पिठाची साखर होते, वरणातल्या प्रथिनांचे तुकडे होतात, आणि ते रक्तात शोषलं जातं. इथपर्यंत तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे.

पण भाकरीत ज्वारीचा कोंडा असतो. मेथीत, वांग्यात तंतू असतात. ते तोडायला जी कात्री लागते, म्हणजे जी विकरं लागतात, ती आपल्या शरीरात तयारच होत नाहीत. मग हा न पचलेला माल जातो पुढं, दीडेक मीटरच्या मोठ्या आतड्यात. आम्हाला शाळेत शिकवलं होतं, की हा चोथा. पोट साफ व्हायला उपयोगी, बाकी काही नाही. पण हा चोथा नव्हे, हाच त्यांचा वाटा! मोठ्या आतड्यात जंतूंची दाट वस्ती आहे आणि त्यांच्याकडे नाना तऱ्हेच्या कात्र्या आहेत. ते हे तंतू आंबवतात. आई इडलीचं पीठ आंबवते ना, तसंच. त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यातल्या एकाचं नाव ब्युटिरिक आम्ल. लोणी खवट झालं की जो वास मारतो तो याचाच. पण वासावर जाऊ नका. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आपल्या गरजेतली सुमारे ७० टक्के ऊर्जा या आम्लातून मिळवतात. म्हणजे आपण भाकरी खायची, तिचा कोंडा जंतूंनी खायचा, आणि जंतूंनी टाकलेलं आपल्या आतड्यानं खायचं. आहे की नाही बिनतोड कारभार!

या कारभारात थोडा वायूही होतो. तूर, हरभरा यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरी असतात. त्याही आपल्याला पचत नाहीत, जंतूंना मात्र फार आवडतात. लातूरच्या डाळगिरण्यांतली तूरडाळ देशभर जाते, आणि तिच्याबरोबर हा वायूही देशभर जातो म्हणायचा! तेव्हा वर्गात कुणाच्या पोटातून आवाज आला तर फिदीफिदी हसू नका. तिकडं पंगत बसलेली आहे.

किरायाची दुसरी बाजू म्हणजे पहारा. एसटीत जागा धरायची आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली. मग नंतर कितीही दांडगा माणूस आला तरी त्याला उभंच राहावं लागतं. पोटातल्या चांगल्या जंतूंनी सगळ्या जागा धरलेल्या असल्या, खाण्याचा वाटाही उचललेला असला, की बाहेरून आलेल्या रोगजंतूला बसायला ठिकाण मिळत नाही. शिवाय रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्वही हे जंतू थोडंफार बनवतात.

हे सगळे येतात कुठून? बहुतेक पहिला हप्ता आईकडून, जन्माच्या वेळी. आणि आता ऐका गंमत. आईच्या दुधात काही अशा साखरी असतात, ज्या बाळाला अजिबात पचत नाहीत. मग आईच्या शरीरानं त्या घातल्या कशाला? तर बाळाच्या पोटात नुकत्याच आलेल्या बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जंतूंसाठी! बाळाच्या दुधातसुद्धा त्यांचा वाटा आहे बरं का. पुढं बाळ रांगतं, माती चाटतं, आजीच्या ताटातला घास खातं, आणि तीनेक वर्षांचं होईतो त्याची वस्ती मोठ्या माणसासारखी दिसू लागते.

वयाबरोबर ही वस्ती कशी बदलते, हे आपल्या महाराष्ट्रातही तपासलं गेलंय. पुण्याला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथले डॉ. योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दोन कुटुंबं घेतली, एका छपराखाली राहणारी, आणि प्रत्येक घरातल्या तीन पिढ्यांचे जंतू तपासले. घर एक, चूल एक, तरी वयाप्रमाणे जंतूंचं प्रमाण वेगळं निघालं. परदेशातल्या लोकांना असा अभ्यास करायचा तर आजोबा, बाप आणि नातू एका चुलीवर जेवणारे शोधावे लागले असते. आपल्याकडची एकत्र कुटुंबं अशीही कामाला येतात.

आता लातूरकडे वळतो. कारण वस्ती उठते कशी, हे मी तिथं डोळ्यांनी पाहिलं.

मी नांदेडचा. नव्वदच्या दशकात दहावी झाल्यावर अकरावी-बारावीसाठी लातूरला गेलो. लातूर पॅटर्नचा बोलबाला होता. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचायची आणि दर जूनमध्ये तिच्यातून ट्रंका आणि वळकट्या घेतलेली पोरं उतरायची. आजही उतरतात, फक्त ट्रंकेची बॅग झालीय. एका खोलीत आम्ही तिघं. अहमदपूरकडच्या एकाचा डबा रोज सकाळच्या एसटीनं गावाहून यायचा. कंडक्टर तो स्टँडवर उतरवून ठेवायचा. आम्ही दोघं मेसवर जेवायचो. मेसचं नाव सांगत नाही. पांढरा भात, पातळ वरण, मैदा मिसळलेल्या पोळ्या आणि बटाटा. सोमवारी बटाटा, मंगळवारी बटाटा. बुधवारी पालटून बटाट्याचा रस्सा.

दुसरा रूमपार्टनर मुखेड तालुक्यातला होता. घरी ज्वारीशिवाय दुसरं न खाल्लेला, अंगानं धट्टाकट्टा. ऑगस्टमध्ये त्याला जुलाब लागले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या माणसानं डॉक्टरची चिठ्ठी न मागता दोन रंगांच्या कॅप्सूल काढून दिल्या. दोन दिवसांत बरं वाटलं. महिन्यानं पुन्हा तेच, पुन्हा कॅप्सूल. दिवाळीपर्यंत असं चार-पाच वेळा झालं, आणि दर खेपेला दोन जुलाबांतलं अंतर कमी होत गेलं. दिवाळीला घरी गेला तो निम्मा होऊनच. आईनं ओळखलं नाही, असं तो म्हणायचा तेव्हा आम्ही हसायचो. पण पहिल्या सत्राचे गुण लागले आणि हसणं थांबलं. वर्गात पहिल्या दहात असणारा पोरगा पन्नासाव्या नंबरावर गेला होता. तासाला बसला तरी लक्ष सगळं पोटाकडे. "शिक्षण नको, मी गावाकडं जातो," असं तो रोज रात्री म्हणायचा.

मग त्याची आई आली. तिनं त्याला दवाखान्यात नेलं, मीही बरोबर गेलो. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी पोट तपासलं, तपासण्या करून घेतल्या आणि विचारलं, "किती खेपा घेतल्या ह्या कॅप्सूल?"

"चार-पाच खेपा झाल्या असतील बघा," आई म्हणाली.

"मावशी, ह्याच्या पोटात एक गाव वसलेलं होतं. ते ह्या औषधानं चार-पाच खेपा उठवलं. आता पुन्हा बसायला येळ लागणार."

"मग आता कोणतं औषध द्यावं म्हणता?"

"औषध बंद. पाणी उकळून द्या आणि घरी काय खाता ते खाऊ घाला. ह्याच्या पोटाला त्याचीच ओळख आहे."

आई पंधरा दिवस आमच्या खोलीत राहिली. स्टोव्हवर भाकऱ्या थापायची, ताकातल्या कण्या करायची. कण्या म्हणजे ज्वारीचा जाडाभरडा रवा, शिजवून ताकात कालवलेला. "तू बी बस रे लेकरा," म्हणून मलाही ताट वाढायची. बरं व्हायला मात्र पंधरा दिवस पुरले नाहीत. फेब्रुवारी उजाडला तेव्हा कुठं तो पोट विसरून अभ्यासाला बसला. कण्यांनीच बरा झाला असं मी म्हणणार नाही. औषध थांबलं, पाणी उकळलं गेलं, दिवसही गेले. पुढं बारावीला मेडिकलचा त्याचा नंबर थोडक्यात हुकला. त्याला कारण ते गेलेले पाच महिने की आणखी काही, कोण सांगणार?

डॉक्टरांचं गावाचं उदाहरण अगदी चपखल होतं. प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक औषधं, जंतू मारतात. पण दरोडेखोर कोण आणि शेतकरी कोण, हे त्यांना कळत नाही. सरसकट नांगर फिरतो. एकदा उठलेली वस्ती परत बसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि काही जातीचे जंतू परत येतही नाहीत. शिवाय साधे जुलाब पुष्कळदा विषाणूंमुळे होतात, आणि विषाणूंवर प्रतिजैविकाचा काडीचाही परिणाम नाही. याचा अर्थ ही औषधं वाईट असा घेऊ नका हं. विषमज्वरात, रक्त पडणाऱ्या हगवणीत, न्यूमोनियात त्यांनी लाखो जीव वाचवलेत. कधी घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवायचं आणि सांगितली तेवढे दिवस पुरी घ्यायची, एवढंच. घरात गोळ्यांचं पाकीट असेल तर उलटून पाहा. डाव्या बाजूला उभी लाल रेघ दिसली, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. सरकारनं २०१६ साली या लाल रेघेची ओळख लोकांना व्हावी म्हणून मोहीमही काढली होती. तुमच्या घरातल्या मोठ्यांना ही रेघ दाखवाच. कित्येकांनी ती कधी पाहिलेलीच नसते.

मग जुलाबात करायचं काय? शरीरातलं गेलेलं पाणी आणि मीठ परत भरायचं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालात आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी साखर आणि मीठ पाण्यात कालवून पिंपांतून लोकांना प्यायला दिलं. शंभरात तीसच्या घरात माणसं दगावत होती, तो आकडा चारच्याही खाली आला. आतड्यात साखरेबरोबर मीठ शोषलं जातं आणि मिठामागून पाणी, हे त्यातलं गुपित. दुकानातली ओआरएसची पुडी उत्तमच. ती नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका, ते अपाय करतं. आणि ताप असेल, रक्त पडत असेल, किंवा लहान बाळ असेल, तर घरी थांबायचं नाही.

रोगजंतू येतात ते बहुतेक पाण्यातून आणि न धुतलेल्या हातांतून. हात धुवा म्हणणं सोपं आहे, पण आपल्या भागात त्यालाही पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत दहा वॅगन, पाच लाख लिटर. तेव्हा घरोघरी जे तांब्याभर पाणी साबणासाठी राखलं गेलं असेल, त्याची किंमत मी मोठी समजतो.

आता पुन्हा ताटाकडे. तुम्ही काय खाता त्यावर पोटात कोण राहणार हे बरंचसं ठरतं. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली दोन ठिकाणच्या लहान मुलांची तुलना केली. एक फ्लॉरेन्स शहरातली. दुसरी आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या एका खेड्यातली. त्या खेड्यातली पोरं काय खात होती? ज्वारी, बाजरी, चवळी आणि भाज्या! वाचताना मला मुखेड तालुक्यातलंच ताट दिसलं. त्या पोरांच्या पोटात तंतू फोडणारे प्रिव्होटेला जातीचे जंतू भरपूर होते आणि ती मघाची उपयोगी आम्लंही इटलीच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होती. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली भारतीय लोकांचे जंतू इतर देशांतल्या लोकांशी ताडून पाहिले, तेव्हा आपल्याकडेही प्रिव्होटेला पुढंच निघाला. २०१५ साली आणखी एक मजेदार प्रयोग झाला. दक्षिण आफ्रिकेतली खेड्यातली माणसं आणि अमेरिकेतली आफ्रिकी वंशाची माणसं यांनी दोन आठवडे ताटांची अदलाबदल केली. अमेरिकेतल्यांच्या ताटात मका, घेवड्याचे दाणे, भाज्या असं खेड्याकडचं जेवण आलं, खेड्यातल्यांच्या ताटात तळलेलं आणि मांसाचं गेलं. फक्त दोन आठवड्यांत दोन्हीकडच्या पोटातला कारभार बदलला! मेसवरच्या जून ते दिवाळीत काय झालं असेल, याचा तुम्हीच विचार करा.

इथं एक खरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा मराठवाड्याचा म्हणून ज्वारीची तरफदारी करतोय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली आपल्या अन्नाचे तक्ते छापले. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत तंतू सुमारे १० ग्रॅम आहेत, आणि गव्हाच्या न चाळलेल्या आट्यात ११ च्या वर! म्हणजे पोळी काही भाकरीच्या मागं नाही. मागं आहेत ते मैदा आणि पांढरा तांदूळ, दोन्ही तीन ग्रॅमच्या आतच. आणि अख्खा हरभरा? २५ ग्रॅम. तेव्हा भांडण ज्वारी आणि गहू यांचं नाहीच. भांडण आहे कोंडा काढून टाकण्याशी आणि रोज तेच ते खाण्याशी. तरीही लातूर-नांदेडच्या शिवारात ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, आणि घराघरांतून भाकरी मागं पडली, याचं मला वाईट वाटतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर २०१८ साली परभणी शक्ती नावाचं ज्वारीचं वाण आणलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. वाण आलं, पण भाकरी थापायला बसणार कोण, हा प्रश्न आहेच. मुलग्यांनो, तुम्हीही शिकलात तरी चालेल!

रोज तेच ते न खाण्याचा सगळ्यात झकास नमुना बघायचा तर येळवसेला लातूरकडे या. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. पुस्तकी नाव वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे आणि शेजारच्या कानडी मुलखात हा मोठा सण. त्या दिवशी शहरातले रस्ते ओस पडतात, कारण जो तो रानात गेलेला असतो. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करतात, पूजा होते आणि मग रानातच जेवण. त्यात मान भज्जीचा. ही तळलेली भजी नव्हेत. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे हिरवे दाणे, वाटाणा, पावटा, भुईमूग, मेथी, पालक, चुका, वांगी, गाजर, कांद्याची पात, चिंच. शिवारात जे हिरवं असेल ते घालून शिजवलेली दाट भाजी. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि बिंदग्यात भरून डोक्यावरून आणलेली आंबील.

अमेरिकेत दहा हजारांहून जास्त लोकांचे जंतू तपासणारा एक मोठा प्रकल्प झाला. त्याच्या २०१८ सालच्या निष्कर्षांत होतं, की आठवड्यात तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटात, दहापेक्षा कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा, जास्त जातींचे जंतू असतात. कारण प्रत्येक जंतूची आवड वेगळी. तुम्ही भज्जीतले जिन्नस मोजून पाहा. एका वाटीत निम्मा आठवडा निघतो!

आणि आंबील? ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, ही तिची रीत. ताक आणि दही म्हणजे जिवंत जंतूंचं भांडं. तेव्हाच्या रशियन साम्राज्यात जन्मलेला, पॅरिसला काम करणारा मेचनिकॉफ नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याला १९०८ साली नोबेल मिळालं ते दुसऱ्याच कामासाठी, पण प्रसिद्धी झाली दह्यामुळं. बल्गेरियातले शेतकरी दही खाऊन दीर्घायुषी होतात, असं त्याचं म्हणणं. मोठ्या आतड्यातले जंतू मात्र आपल्याला विष देतात, असं तो समजायचा, आणि तिथं तो चुकला. तो स्वतः आंबलेलं दूध नेमानं घ्यायचा आणि ७१ व्या वर्षी वारला. दह्यातले बरेच जंतू पोटात कायमचं घर करत नाहीत. सोयऱ्यासारखे येतात, चार दिवस हातभार लावतात आणि जातात. म्हणून सोयरे रोज यावेत! आंबिलीचं म्हणाल तर घरोघरी रीत वेगळी आहे. कुणी आंबवून मग शिजवतं, त्यात जंतू मरतात, पण पीठ हलकं झालेलं असतं. कुणी शिजवून गार झाल्यावर ताक घालून ठेवतं, त्यात ते जिवंत राहतात.

हे काम चालतं कसं, ते घरी बघता येईल. दोन वाट्या साबणानं धुऊन घ्या. पाणी उकळून गार करा. दोन्हींत दोन-दोन चमचे ज्वारीचं पीठ पाण्यात सैल कालवा. एकीत चमचाभर ताक घाला, दुसरीत काही नाही. झाकून ठेवा, थंडीचे दिवस असतील तर चुलीच्या किंवा गॅसच्या जवळपास, उबेला. जास्वंदीची पाकळी कागदावर घासून वाळवा आणि त्या कागदाचे तुकडे करून ठेवा. रोज सकाळी दोन्ही वाट्यांत एकेक तुकडा बुडवायचा. आंबट असेल तिथं कागद लालसर होईल. वासही घ्या, चव मात्र घेऊ नका, पीठ कच्चं आहे. ताकाची वाटी पहिल्याच सकाळी आंबेल, त्यात नवल नाही. नवल दुसऱ्या वाटीचं. दोन-तीन दिवसांत तिलाही आंबूस वास येईल आणि वर बारीक बुडबुडे दिसतील. आता सांगा, हे जंतू आले कुठून? वाटी धुतलेली होती, पाणी उकळलेलं होतं, ताक तर घातलंच नव्हतं. उत्तर तुमच्या ज्वारीच्या डब्यात आहे.